मामांची कच्ची बाजू

जी गोष्ट छापून आली नाही ती घडलीच नाही, असं ठामपणे मानणारा माणूस साऱ्या नगर जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. देवळाली प्रवराच्या पलीकडे एका साखर कारखान्यात मामा फिटर होते. फिटर ते पोटासाठी होते. जन्म मात्र त्यांनी कामगार युनियनचा प्रसिद्धीप्रमुख होण्यासाठीच घेतला होता. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं आणि काखेत सदैव कागदांची सुरळी. आमच्या लग्नाचीसुद्धा त्यांनी बातमी करून पाठवली होती. 'विवाह शांततेत पार पडला' हा मथळा वाचून माझ्या शाळेतल्या मास्तर मंडळींनी मला वर्षभर छळलं. मी तक्रार केली तेव्हा मामा गंभीरपणे म्हणाले, "जावईबापू, मूळ मजकुरात 'उभय पक्षांनी आपापल्या मागण्या मागे घेतल्या' असंही होतं. संपादकांनी कापलं."

घरातही ते मथळ्यातच बोलत. एकदा मी गेलो असताना चहा अगोड झाला होता. मामांनी घोट घेतला आणि जाहीर केलं, "साखर कारखान्याच्या कामगाराच्याच घरी साखरेची टंचाई! प्रशासन मौन!" आतून मामींचा आवाज आला, "प्रशासनाचे हात कणकेत हायेत. डबा फळीवर हाय, घ्या टाकून." प्रशासनाचं हे निवेदन मामांनी नेहमीप्रमाणे निमूटपणे स्वीकारलं. मामींना छापील गोष्टींचं काडीचं कौतुक नव्हतं. वर्तमानपत्राचा उपयोग फळीवर अंथरायला होतो, एवढं त्या मानत, आणि मामांची बातमी आलेलं पान त्या आवर्जून बातमीची बाजू वर करून अंथरत, यात प्रेम किती नि खोडी किती हे मला कधीच कळलं नाही.

नवी साधनं आली की मामांना उधाण यायचं. गावातल्या एसटीडी बूथवर फॅक्सचं यंत्र आलं त्या दिवशी त्याला पहिला नारळ मामांनी फोडला. पण त्यांचा स्वभाव पडला खात्री करून घेण्याचा. ते आधी फॅक्स करत, मग 'फॅक्स केला आहे' असं पत्र टाकत, आणि मग पत्र पोचलं का हे विचारायला एसटीनं स्वतः नगरला पेपरच्या कचेरीत जात. त्यांची पत्रकंही ऐसपैस असत. 'कामगारांच्या न्याय्य हक्कांची पायमल्ली करणाऱ्या मुजोर प्रवृत्तीचा वज्रमुठीने मुकाबला' इथून सुरुवात व्हायची, आणि काय झालंय ते चौथ्या पानावर कळायचं. तिथवर मी पोचत असे, कारण सुवाच्य अक्षरात नक्कल करायचं काम माझ्याकडे होतं. दुसरं कुणी पोचत असेल असं वाटत नाही.

अशात कारखान्यानं वसाहतीतला दवाखाना बंद करायचं ठरवलं. दोन खोल्यांचा दवाखाना, एक डॉक्टर आणि तिथंच राहणारी एक सिस्टर. पण वसाहतीतली निम्मी पोरं त्या सिस्टरच्या हातावर जन्मली होती. तो गेला तर पुढचा दवाखाना राहुरीत, आणि अवेळी जायला वाहन नाही. शेजारच्या यमुनाची मुलगी भल्या पहाटे निळी पडली होती तेव्हा सिस्टर अनवाणी धावत आली म्हणून ती पोर आज अंगणात खेळत होती. मामांनी निषेधाची पत्रकं काढली. मोठं पत्रक जाऊन पेपरात दोन ओळी आल्या, त्याही बैलबाजाराच्या खाली. मामा खचले. त्या दिवशी त्यांनी खिशाची दोन्ही पेनं काढून ठेवली आणि मला ते बघवलं नाही.

पण मामाच ते. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेपरेकॉर्डर काढला. आठवडे बाजारात रिक्षाला कर्णा बांधून भाषणाची कॅसेट वाजवायची, असा बेत ठरला. मामांची एक पद्धत होती: कॅसेटच्या एका बाजूला सरावाचं भाषण, तिचं नाव कच्ची बाजू, दुसरीवर अंतिम भाषण, ती पक्की. घरात टेपचा प्लग नीट बसेल असं एकच सॉकेट होतं, ते स्वयंपाकघरात. तेव्हा सराव चालायचा मामींच्या चुलीशेजारी, भांड्यांच्या साथीवर.

बाजाराच्या दिवशी रिक्षात मी बसलो होतो. मामांनी कॅसेट स्वतःच्या हातानं लावली, कारण असल्या नाजूक कामात त्यांचा कुणावरही विश्वास नव्हता, आणि पत्रकं वाटायला ते गर्दीत शिरले. कर्णा खरखरला. "बंधू-भगिनींनो! भांडवलशाहीच्या कराल दाढेत..." आणि एकदम फोडणी कडाडली. पाठोपाठ मामींचा आवाज साऱ्या बाजारावर पसरला.

"अवो, ती दाढ ऱ्हाऊ द्या बाजूला! कुनाला कळतंय ते? सरळ सांगा ना, यमुनाची पोर निळी पडली हुती, सिस्टर हुती म्हनून जगली. उद्या दुसरीची पडली तर कुठं न्यायची? आन हितं काय निस्ते कामगारच येत्यात व्हय? वाडीवस्तीवरच्या बाया बी बाळंतपनाला हितंच येत्यात की. त्यांना म्हनावं, तुमचा बी दवाखाना हाय, तुमी बी बोला!"

मिरचीवाल्याचा तराजू हवेतच थांबला. आधी लोक हसले, मग हळूहळू रिक्षाभोवती गोळा झाले. मामा गर्दीतून दोन्ही हात हलवत ओरडत होते, "बंद करा, जावईबापू! उलटी बाजू लागली!" मी बटणाकडे हात नेला तर भाजी विकणारी एक म्हातारी डाफरली, "ऱ्हाऊ दे रं! बाई खरं बोलती हाय. माझी सून तिथंच बाळंत झाली." मी हात मागे घेतला.

घरी वेगळंच रामायण झालं. "माझा आवाज बाजारात?" म्हणून मामींनी बोलणं टाकलं. मामांना तर दुहेरी दुःख: भाषण वाया गेलं आणि बायको रुसली. पण संध्याकाळी भोवतालच्या वस्त्यांवरून माणसं विचारत आली, "त्या बाई कुठं ऱ्हात्यात?" ऊस घालणारे हे शेतकरी, कारखान्याचे सभासद. दवाखान्याचं भांडण कामगारांचं, आपल्याला काय, असंच त्यांना तोवर वाटत होतं. मामा दारात उभे राहून ऐकत होते. मग आत गेले आणि मामींसमोर चक्क हात जोडले. म्हणाले, "मथळा तुझा. मी नुसता यंत्र धरतो."

मामी हसल्या आणि तिथून पुढं चक्रं फिरली. गावच्या केबलवाल्यानं आपला कॅमेरा आणि दुपारच्या सिनेमानंतरची वेळ दिली. दवाखान्याच्या पायरीवर बसून बायका एकेक करून बोलल्या, आपापल्या तोंडानं, आपापल्या शब्दांत. यमुना मुलीला मांडीवर घेऊन बोलली. मामा कॅमेऱ्यामागे उभे होते आणि कुणी लांबण लावली की मामींच्याच सुरात म्हणत, "सरळ सांगा ना!" सभासदांच्या वार्षिक सभेत शेतकरीच उठून उभे राहिले आणि संचालकांना निर्णय मागे घ्यावा लागला. डॉक्टर पुढं एक दिवसाआड यायला लागला, पण सिस्टर राहिली. या विजयाची बातमी मामांनी एका पानात बसवली. मला नक्कल करताना चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

मामा निवृत्त झाले त्या दिवशी युनियनच्या हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम होता. त्यांच्या खिशात कागदांची जाडजूड घडी पाहून लोकांनी बैठक सैल केली. मामा उठले, घडी उलगडली आणि पहिल्या रांगेकडे पाहिलं. तिथं मामी होत्या, आणि त्यांच्या शेजारी यमुनाची मुलगी, आता शाळेच्या गणवेशात, दोन वेण्या घालून पेढा खात होती. मामा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कागद पुन्हा खिशात ठेवले. "बंधू-भगिनींनो, दवाखाना चालू आहे. येतो." म्हणाले आणि खाली बसले. टाळ्या उशिरा पडल्या, कारण भाषण संपलं यावर कुणाचा विश्वासच बसेना.

घरी परतताना मी त्या दोघांच्या मागून चालत होतो. मामी हळूच म्हणाल्या, "आज वाईच जास्ती बोलला असता, तरी चाललं असतं." मामांनी खिशातून ते कागद काढले, चष्मा चढवला आणि चालता चालता पहिल्या पानापासून वाचायला लागले. मामी एकदाही मध्ये बोलल्या नाहीत.