केरबाच्या चौकटीवरचं कोल्हापूर

शाहूपुरीतून नाल्याच्या अंगाला जी गल्ली उतरते, तिच्यात केरबा पॅटर्नमेकरचं घर आहे. त्या घराच्या दाराला जी सागवानी चौकट आहे, तिच्यावर कोल्हापूर शहराचा इतिहास आहे. त्यासाठी ग्रंथालयात जाऊन धुळीत शिंकायला नको. उंबऱ्यापासून सुरुवात करायची आणि वाचत वाचत वर जायचं. मध्ये दोनदा चहा होतो, कारण केरबा प्रत्येक रेघेपाशी थांबतो.

विजयसिंह, म्हणजे केरबाचा एकुलता मुलगा, जन्मला त्या दिवशी केरबा उद्यमनगरातल्या कारखान्यातून तसाच घरी पळत आला. खिशात पट्टी होती, हातात पटाशी. बनाबाई आतून सांगत राहिली, की पोराला आधी मांडीवर तरी घ्या. पण केरबाला आनंद झाला की काहीतरी कोरावं लागतं. त्यानं उंबऱ्यापासून डोक्याच्या वरपर्यंत चौकटीवर सेंटिमीटरच्या खुणा कोरल्या आणि मगच पोराचं तोंड बघितलं.

तेव्हापासून शहरात काही घडलं, की घरातलं वाढतं पोर चौकटीला उभं राहायचं. डोक्यावर पट्टी आडवी, तिथं रेघ, आणि रेघेशेजारी घटना. कारखान्याचं दहा हजारावं डिझेल इंजिन गळ्यात हार घालून ट्रकवर चढलं, तेव्हा विजयसिंह ब्याण्णव होता. गल्लीत पहिला रंगीत टीव्ही आला तेव्हा एकशे नऊ. गिरणीचा भोंगा कायमचा थांबला त्या वर्षी घरात वाढणारं कुणीच नव्हतं, म्हणून भोंगा बनाबाईच्या उंचीवर कोरला गेला, एकशे साडेशेहेचाळीसला. आंदोलनानं शहराचा टोल गेला तेव्हा विजयसिंहाची लेक क्रांती एकशे तेहेतीस. धरणातून थेट पाइपलाइनचं पाणी आलं तेव्हा क्रांती एकशे साडेत्रेपन्न.

आणि क्रांती तिथंच थांबली. शहर पुढं गेलं.

आता क्रांतीला पोलीस व्हायचं होतं. दुसरं काही नाही, पोलीसच. पहाटे मैदानावर तिचं पळणं बघून म्हाताऱ्या माणसांनी आपलं चालणं बंद केलं होतं. गोळा ती असा फेकायची, की मैदानाच्या कडेचा भेळवाला गाडी मागं घ्यायचा. पण भरतीला मुलीची उंची एकशे पंचावन्न लागते. दीड सेंटिमीटरसाठी ती दोन वर्षं दांड्याला लोंबकळली, म्हशीचं धारोष्ण दूध प्याली, आणि रोज सकाळी चौकटीला उभी राहिली. रेघ हलली नाही. गेल्या साली तिनं अर्ज भरला नाही. यंदा शेवटच्या तारखेला चार दिवस उरले होते आणि ती त्याबद्दल बोलत नव्हती. क्रांती गप्प बसते म्हणजे काय, हे सगळ्या गल्लीला कळतं.

दहावीत शाळेच्या कार्डावर तिची उंची एकशे पंचावन्न लिहून आली होती. तेव्हा केरबा पोट धरून हसला होता. मास्तर मापतात ते डोळ्यांनी, आपण मापतो ते सुतात, असं त्याचं म्हणणं. सगळ्या गल्लीनं मान डोलावली. केरबाच्या मापाला उद्यमनगरात कुणी हात लावला नव्हता, मग शाळेच्या कार्डाची काय कथा.

त्या दुपारी केरबा दारात खुर्ची टाकून बसला होता. समोर चौकट, वर ऊन, पोटात तांबडा रस्सा. डोळे कधी मिटले ते कळलं नाही. स्वप्नात तो पुन्हा फौंड्रीत उभा होता. पॅटर्नमेकरचं काम म्हणजे लाकडाचा नमुना करायचा. त्याच्याभोवती वाळू दाबायची, नमुना अलगद काढायचा, आणि उरलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. स्वप्नात मात्र सगळं शहरच वाळूत दाबलेलं होतं. गुळाची गोदामं, तालमी, चपलांची दुकानं, सिग्नल, सगळ्यांची पोकळी झालेली, आणि वरून केशरी रस सावकाश उतरत होता. वाळू फोडली तर आतून क्रांती हसत बाहेर आली, ताडासारखी उंच, अंगातून वाफा निघताहेत. पण जशी निवत गेली तशी ती लहान होत गेली. इतक्यात त्याचे मेलेले उस्ताद पाठीमागून आले आणि पहिल्यासारखंच मऊ आवाजात म्हणाले, "केरबा, आकसण धरलीस का?"

केरबा दचकून जागा झाला. समोर उस्ताद नव्हते. शेजारचा आण्णा होता, हातात पोलादी टेप घेऊन.

आण्णा हा निवृत्त फिटर. त्याच्यात आणि केरबात दोन हजार एकोणीसच्या महापुरापासून वाद चालला होता. दोन्ही घरांना भिंत एक, जोतं एक, उंबरे एका पातळीत. पूर आला, दोन्ही घरांत शिरला. आण्णाच्या भिंतीवर पाण्याची रेघ एकशे वीसला, केरबाच्या चौकटीवर एकशे एकोणीसला. त्या एका सेंटिमीटरवरून सहा वर्षं आण्णा सांगत होता, की आपल्याकडं पूर मोठा होता. केरबाचं उत्तर ठरलेलं, की आण्णाचा टेप फिटरचा, तो कशालाही फिट होतो. आता पोरीच्या लग्नासाठी आण्णाच्या घराला रंग लागणार होता आणि पुरावा पुसला जाणार होता. म्हणून आज निकाल लावायचा होता.

आण्णानं केरबाच्या चौकटीवरच्या पुराच्या रेघेला टेप लावला. एकशे वीस. वाकून पुन्हा लावला. एकशे वीस.

केरबा उठला, आतून आपली जुनी दोन फुटी पट्टी घेऊन आला आणि टेपाशेजारी धरली. दोन्हींचं शून्य एका जागी. टेपाचा साठावा सेंटिमीटर जिथं संपला, तिथून पट्टीचा साठावा आणखी सहा मिलिमीटर लांब होता. केरबानं पट्टी उलटी केली. चष्मा पुसला. पट्टीच्या कोपऱ्यात उस्तादांनी कोरलेली बारीक फुली अजून होती.

तो खुर्चीत टेकला. लोखंड निवताना आकसतं, शंभराला एक. म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच तेवढी लांब केलेली असते. नमुना मोठा होतो आणि वस्तू मापात उतरते. कारखान्यात सगळे हिला श्रिंकेज पट्टी म्हणायचे आणि ओळखू यावी म्हणून तिच्यावर फुली असायची. दोन पट्ट्या दोन खणांत ठेवायची शिस्त उस्तादांनी लावली होती. विजयसिंह जन्मला त्या दिवशी खिशात कुठली होती, हे बघायला केरबाला सवड नव्हती.

"काय झालं रं?" आण्णानं विचारलं. टेप खरा ठरल्याचा आनंद त्याला घेता येईना, इतकं केरबाचं तोंड उतरलं होतं.

"माणसं काय निवत्यात व्हय, आण्णा," केरबा म्हणाला. "लोखंडाच्या पट्टीनं मापली मी."

मग त्यानं क्रांतीला हाक मारली. ती कपाळाला आठी घालून आली. चौकटीला उभी राहा म्हटल्यावर तिनं आज्याकडं असं बघितलं, की दुसरा कुणी असता तर घरात गेला असता. पण उभी राहिली, टाचा टेकवून. केरबानं टेपाला हात लावला नाही. तो आण्णाला म्हणाला, तू माप, माझं नको आता. सहा वर्षांच्या वैऱ्यानं गुडघे मोडून टेपाचं टोक उंबऱ्याला लावलं, पायलीभर कण्हला, वर गेला, क्रांतीच्या डोक्यावर पुठ्ठा सपाट धरला आणि डोळा बारीक केला. गल्लीतून एक भाजीवाला ओरडत गेला. आण्णानं आकडा दोनदा वाचला.

"एकशे पंचावन्न," तो म्हणाला. "आन् वर एक केस."

"खरं सांगा की काका."

"फिटरचा टेप हाय. तुझ्या आज्याचा न्हाय."

क्रांतीनं आज्याकडं बघितलं. दोन वर्षांचा दांडा, दूध आणि पहाट तिच्या डोळ्यांत एकदम गोळा झाली होती. केरबाला वाटलं, आता गोळाफेक आपल्यावर. पण ती वळली. आत गेली, फोन घेतला, आणि चौकटीत उंबऱ्यावर बसून अर्ज भरायला लागली. जन्मतारीख, पत्ता, उंची. उंचीच्या रकान्यापाशी तिनं नाक ओढलं आणि आकडा घातला.

एवढ्यात बनाबाई हात पुसत बाहेर आली. काय चाललंय ते तिनं आण्णाकडून ऐकून घेतलं आणि मुकाट्यानं चौकटीला जाऊन उभी राहिली. एकशे अठ्ठेचाळीस भरली.

"सेहेचाळीस वर्षं बुटकी म्हणत आलाय मला," ती नवऱ्याला म्हणाली. "आता बोला."

केरबानं पट्टी पाठीमागं लपवली. बोलण्यासारखं त्याच्याकडं शंभराला एकसुद्धा उरलं नव्हतं.

ऊन उतरलं तसा तो पुन्हा खुर्चीत बसला. चौकटीवर नजर फिरवत तो वर जात होता. दहा हजारावं इंजिन थोडं वर सरकलं होतं. रंगीत टीव्ही, भोंगा, टोल, पूर, सगळंच आपापल्या जागेपासून जरासं उचललं गेलं होतं. आयुष्यभर ज्या गावात राहिलो ते आपल्याला वाटत होतं त्याहून किंचित मोठं होतं, हे त्याला आता कळत होतं, आणि त्याचे डोळे पुन्हा जड व्हायला लागले होते.

सवयीनं त्यानं पटाशी उचलली. क्रांतीच्या रेघेपाशी टेकवली, आणि थांबला.

"कोरा की," बनाबाई म्हणाली.

"न्हाय," केरबा म्हणाला. "भरतीच्या मैदानावरचं माप होऊ दे. मग आण्णा कोरंल."