चष्मा पुसून होईपर्यंत

सलमा मॅडमसाठी त्यांना दोन मिनिटंसुद्धा गप्प राहता आलं नाही.

काल अकोल्याला आमच्या जुन्या शाळेत तिची शोकसभा होती. मी अमरावतीहून सकाळच्या बसने गेले.

भाषणं झाली. मग संस्थेचे सचिव माइकवर म्हणाले, "आपण सर्व दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या."

उभे राहिलो. मी मान खाली घातली, तिचा चेहरा डोळ्यांपुढे येतो न येतो तोच, "धन्यवाद. बसून घ्या."

खुर्च्यांचा आवाज शांततेपेक्षा जास्त वेळ चालला.

मी बसले नाही. का बसले नाही, ते सांगते.

सलमा विज्ञान शिकवायची, मी इंग्रजी. मी कॉन्व्हेंटची, ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. माझ्याहून लहान, म्हणून मला ताई म्हणायची.

एकदा आम्हा दोघींना ट्रेनिंगला पाठवलं. चहा, समोसा, पिशवी, ग्रुप फोटो. त्या सगळ्यात एक तज्ज्ञ बाई सांगून गेल्या, की शिक्षक प्रश्न विचारतात आणि मुलांनी श्वास घ्यायच्या आत स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. अभ्यासकांनी वर्गात बसून हे तपासलंय. जरा थांबलं, तर एरवी न बोलणारी मुलं बोलतात, आणि विचार करून बोलतात.

सगळ्यांनी माना डोलावल्या.

आम्ही पिशवी घेऊन परत आलो. सलमा ही एक गोष्ट घेऊन आली.

पण थांबणं सोपं नसतं हो. वर्ग गप्प झाला की शिक्षकालाच घाम फुटतो.

तिने स्वतःपुरता उपाय काढला. प्रश्न विचारला की चष्मा काढायचा आणि ओढणीने पुसायचा. सावकाश. आधी एक काच, मग दुसरी. चष्मा नाकावर चढेपर्यंत कोणी बोलायचं नाही, हातही वर करायचा नाही. मग ती कोणालाही उठवायची. पहिल्या बाकावरच्यांची मक्तेदारी संपली.

स्टाफरूममध्ये तिचं नाव पडलं, मौनीबाई.

मीही चिडवायचे. "अगं, तुला शिकवायचंय की वर्ग ध्यानाला बसवायचाय?"

"ताई, तुमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर प्रश्न विचारून किती थांबायच्या?"

"फूटपट्टी उचलेपर्यंत."

"मंग? मी तर चष्माच उचलून राहिली."

मग आलं इन्स्पेक्शन.

माझा तास रिकामा होता, म्हणून मी मागे बसले होते. सलमाने नववीला विचारलं, "कपाशीचं पान दुपारी मान टाकतं, आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होतं. असं का?" आणि चष्मा काढला.

वर्ग शांत. मुलं विचार करत होती. चेहऱ्यावर दिसतं ते, ज्याला बघायचं असेल त्याला.

मुख्याध्यापक दारातून कुजबुजले, "मॅडम, सांगून टाका ना!"

तपासणीला आलेल्या साहेबांनाही धीर निघाला नाही. त्यांनी पहिल्या बाकाकडे बोट केलं. "बाष्पोच्छ्वास!" पोरगा ओरडला. साहेब खूश. एका शब्दात विज्ञान संपलं आणि मंडळी नाश्त्याला गेली.

सलमाने चष्मा पुसून पूर्ण केला. घातला. शेवटच्या बाकाकडे बघून म्हणाली, "उज्ज्वला, बोल. साहेब गेले, आता वेळच वेळ आहे."

उज्ज्वला कधी बोलायची नाही. त्या दिवशी उभी राहिली. "मॅडम, दुपारी पानातून पाणी लय उडून राहते. मुळं तेवढं वर देऊ शकत नाई. संध्याकाळी ऊन उतरलं का मुळाले सवड भेटते. मंग पान उभं राहते."

मी शिक्षिका म्हणून अनेक उत्तरं ऐकली. त्या उत्तराला टाळी वाजवावीशी वाटली.

साहेबांचा शेरा मात्र आला, वर्ग निष्क्रिय आहे. आणि पुढच्या वर्षी मुख्याध्यापकांनी सलमाकडून नववी-दहावी काढून घेतली. "पोर्शन मागे राहतो तुमचा." तिला पाचवी-सहावी दिली, ती निवृत्तीपर्यंत.

मी मुख्याध्यापकांशी जाऊन भांडले. ती गेली नाही.

मला एवढंच म्हणाली, "असू द्या ताई. पाचवीतच तर लागते हे. दहावीत येता येता लेकरं विसरून जातात, का विचार करायले वेळ लागतो."

पण तिला लागलं होतं. बरेच दिवस ती आमच्यात डबा खायला आली नाही.

तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणजेच आजचे सचिव. काल भाषणात म्हणाले, "संशोधनाधारित अध्यापनाच्या त्या आपल्या संस्थेतल्या पहिल्या शिक्षिका. आम्ही त्यांना कायम प्रोत्साहन दिलं."

कायम!

मागच्या आठवड्यात ती झोपेतच गेली. हे ऐकायला नव्हती, तेवढं बरं झालं.

तर सगळे बसले आणि मी उभी.

"बसा मॅडम, झालं," सचिव माइकवरून म्हणाले.

"तुमचं झालं असेल," मी म्हटलं.

आणि चष्मा काढला. काचा खरोखरच ओल्या झाल्या होत्या. पदराने पुसायला लागले. आधी एक काच.

मागे एक खुर्ची सरकली.

मग आणखी एक. मग पुष्कळ. मागच्या रांगांत तिचे विद्यार्थी बसले होते.

सचिवांनी पुन्हा माइक तोंडाजवळ नेला. तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला, हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"सर, थांबा न. चष्मा चढला नाई अजून."

उज्ज्वला. आता स्वतः शिक्षिका आहे.

त्यानंतर हॉलमध्ये कोणी बोललं नाही. पुढच्या रांगेतले पाहुणे इकडेतिकडे बघत एकेक करून उभे राहिले. सचिव माइक धरून तसेच.

मी दुसरी काच पुसायला घेतली.

घाई केली नाही.

सलमा, काल तुला तुझा पूर्ण वेळ मिळाला गं.

ये आता. तुझ्या ताईचा नमस्कार.