रावसाहेबांच्या रुमालातला हेडफोन

“रावसाहेब, जरा मान हलवू नका,” मी म्हणालो.

रावसाहेबांनी होकारार्थी मान हलवली. डोक्याचा रुमाल सुटला, आतला हेडफोन खाली लोंबकळला आणि काशीकाकूंनी तोंडात धरलेल्या टाचण्या हातात घेऊन नवऱ्याकडे पाहिलं. रुमाल म्हणजे फेट्यासारखं बांधायचं जुन्या पद्धतीचं पागोटं. तो काकू सकाळपासून बांधत होत्या आणि रावसाहेब सोडवत होते.

“तुम्ही त्यांना काही सांगू नका हो,” काकू मला म्हणाल्या. “सांगितलं की मान हलवतात. ऐकू आलं नाही हे कळू नये म्हणून. आमच्या घरी परवा भंगारवाला आला, यांनी मान हलवली, चांगला बंब घेऊन गेला.”

हे सगळं हैदराबादेत, नल्लकुंट्यातल्या त्यांच्या घरी चाललं होतं. पोलीस ॲक्शन होऊन फार दिवस झाले नव्हते. मी मिर्झासाहेबांच्या रेडिओ-दुकानात मेकॅनिक होतो. रावसाहेब निजामी अमदानीतले निवृत्त मुन्सिफ आणि आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. कान जवळजवळ गेलेले. त्या संध्याकाळी मंडळाची वार्षिक सभा होती, आणि त्या सभेत त्यांना अध्यक्षपदावरून हटवून ‘आश्रयदाते’ करायचा ठराव येणार होता. आश्रयदाते म्हणजे ज्यांना सभेला बोलवावं लागत नाही असे.

यात मंडळाची थोडी बाजू होती, हे कबूल केलं पाहिजे. सभागृहाच्या भिंतीवर पूर्वी निजाम सरकारचा फोटो होता. राज्य बदललं, फोटो उतरला, खिळा राहिला. त्या खिळ्यावर आता कोण, यावर दर सभेत वाद होई. कुणी म्हणे देवी सरस्वती, कुणी म्हणे भारताचा नकाशा, कुणी म्हणे मंडळाला पंखा देणारे सावकार. मंडळाचा जुना रिवाज असा, की अध्यक्षांनी मान हलवली की ठराव मंजूर. रावसाहेब सगळ्यांनाच मान हलवत. एका खिळ्यासाठी तीन फोटो मंजूर होऊन बसले होते.

काकू दुकानात आल्या होत्या त्या यासाठी. “एक सभा त्यांना नीट ऐकू द्या. मग हटवायचं तर हटवू देत. पण न ऐकता नको.”

रावसाहेबांकडे कानाला लावायचं विलायती यंत्र होतं, पण सभेत त्याचा उपयोग नव्हता. ते यंत्र जवळचा आवाज मोठा करतं. म्हणजे बोलणारा राहतो लांब आणि कानात घुमतो शेजारच्या खुर्चीचा करकराट. यावर उपाय एकच. माईक बोलणाऱ्याच्या तोंडापाशी ठेवायचा आणि आवाज वायरने थेट ऐकणाऱ्याच्या कानात न्यायचा. आज सभागृहांतून, स्टेशनांवरून अशा सोयी होतात आणि त्यांना मोठमोठी नावं असतात. आमच्याकडे एक माईक होता, जुन्या रेडिओतून काढलेला ॲम्प्लिफायर होता, आणि सिकंदराबादच्या बाजारातून आणलेला मिलिटरी डिस्पोजलचा, म्हणजे लष्कराने विकून टाकलेला, हेडफोन होता.

अडचण यंत्राची नव्हती, अब्रूची होती. हेडफोन लावून सभेत बसायला रावसाहेब तयार नव्हते. “मी काय टेलिफोन ऑपरेटर आहे?” ते म्हणाले. म्हणून काकूंनी तो रुमालात दडवला आणि वायर शेरवानीच्या कॉलरमधून आत सोडली.

आता माईक टेबलावर दिसणार, त्याचं काय सांगायचं? मी चिटणीस वामनरावांना सांगितलं, सभागृहासाठी नवा लाउडस्पीकर लावतोय, आज ट्रायल. ते खोटंही नव्हतं. ॲम्प्लिफायरला लाउडस्पीकर जोडलेला होताच. फक्त त्याच्या जॅकची रचना अशी, की हेडफोनचा प्लग खुपसला की लाउडस्पीकर गप्प होतो. प्लग उपसला की तो परत बोलू लागतो. वामनराव खूश झाले. ते स्वतःच नवे अध्यक्ष होणार होते आणि भाषणही पाठ करून आले होते.

सभा सुरू झाली. मी टेबलाखाली प्लग खुपसला. रावसाहेब ताठ झाले, मग त्यांचे डोळे मोठे झाले. त्यांना ऐकू येत होतं. मला इतका आनंद झाला की टाळी वाजवावीशी वाटली.

लाउडस्पीकर अर्थातच गप्प. वामनरावांनी माईकवर टिचकी मारली, फुंकर मारली, “हॅलो” म्हटलं. रुमालातल्या रावसाहेबांनी प्रत्येक वेळी दचकून घेतलं.

“बंद आहे का हो तुमचं?”

“हौ, जरा परेशान करतोय,” मी म्हणालो आणि हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो.

मागच्या रांगेतून मिर्झासाहेब तरातरा आले आणि माझ्या कानाशी लागले. “मियाँ, मशीन चलरी ना?”

“जी, एकदम मस्त.”

“फिर बंद है कायकू बोले?”

“रावसाहेबांनी सांगितलंय.”

“मेरे दुकान का नाम मिट्टी में मिलरा, और तुम हँसरे!” ते कपाळावर हात मारून परत जागेवर गेले.

माईक बंद पडलाय असं एकदा ठरल्यावर वामनरावांना त्याचं भान राहिलं नाही. त्यांच्याशेजारी त्यांचे मेहुणे बसले होते, जे योगायोगाने सहचिटणीसही होते. अहवालवाचन चाललं होतं आणि हे दोघे माईकपाशी डोकी जुळवून कुजबुजत होते. कुजबुज म्हणायची ती आमच्या समाधानासाठी. शेजारी बहिरा माणूस असला की लोकांचा आवाज आपोआप वाढतो.

“भाऊजी, पण ठरावाला ते नाही म्हणाले तर?” मेहुण्यांनी विचारलं.

“अरे, त्यांना विचारतंय कोण? मी ठराव वाचणार...”

इथे रावसाहेब उठले.

माझी चूक झाली ती इथे. मी वायर बसलेल्या माणसाच्या मापाने कापली होती. आमच्याकडे वडीलधारं माणूस आलं की उठून, कमरेत वाकून सलाम करायचा, सभा असो की जेवणाची पंगत. पण सभागृहात रावसाहेबच सर्वांत वडील, ते कशाला उठतील, असा मी हिशेब केला होता. हैदराबादेत कुणी ना कुणी आणखी वडील निघतंच. दारात रावसाहेबांचे शाळेतले उर्दूचे मास्तर उभे होते. दोन माणसांनी धरून आणलेले, पण उभे.

रावसाहेब वाकले. प्लग निसटला. लाउडस्पीकर जागा झाला, एकदा कर्कश किंचाळला आणि मग वामनरावांच्या आवाजात बोलू लागला:

“...ते मान हलवणार, ठराव मंजूर! स्वतःच्या हकालपट्टीला हौ म्हणणारा अध्यक्ष शोधून सापडायचा नाही!”

अहवाल वाचणारे तोंड उघडं ठेवून थांबले. मिर्झासाहेब मात्र उभे राहून ओरडले, “देखो! चलरा! चलरा बोला ना मैं!”

गंमत अशी, की हे सगळ्यांनी ऐकलं, एक रावसाहेब सोडून. त्यांचा प्लग निघालेला होता. सगळे आपल्याकडे का बघताहेत ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी सवयीने मान हलवली. वामनराव लाल झाले. मी टेबलाखाली शिरलो आणि प्लग परत खुपसला.

रावसाहेब बसले. “वामनराव, मी उठण्यापूर्वी तुम्ही म्हणत होता, की मला विचारतंय कोण. पुढचं माझं ऐकायचं राहिलं. आता ठराव वाचा.”

वामनरावांनी ठराव वाचला. इतका हळू, की कदाचित त्यांनाच ऐकू आला नसेल. पण माईक होता. वाचून झाल्यावर सगळं सभागृह रावसाहेबांच्या मानेकडे बघू लागलं. मान जागची हलली नाही.

“नामंजूर,” रावसाहेब म्हणाले.

हा शब्द मंडळाने त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. टाळ्या पडल्या. रावसाहेबांनी त्या जरा कळवळूनच ऐकल्या, कारण मी व्हॉल्यूम कमी करायला विसरलो होतो. मग त्यांनी काकूंनी खपून बांधलेला रुमाल सगळ्यांसमक्ष उतरवला आणि हेडफोन कानावर तसाच ठेवून बोलले.

“मला ऐकू येत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्हाला ठाऊक आहे, हे मलाही ठाऊक होतं. तरी मी ही खुर्ची सोडली नाही, कारण खाली बसलं की न ऐकणारा माणूस एकटा पडतो. वर बसलं की निदान सभेत आहे असं वाटतं. आता मला ऐकू येतंय. हे यंत्र खालच्या रांगेत लावा, मी तिथं बसतो. या खुर्चीवर वामनराव बसू देत. खिळ्याचा वाद ऐकायला चांगले कान लागतात.”

काकू बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. त्यांनी पदराने डोळे टिपले, आणि नंतर माझ्याकडे बघून टाचण्यांची डबी मिटली.

आम्ही पहिल्या रांगेत हेडफोन लावले. आधी कुणी फिरकेना. मग एक वकील आले, म्हणाले, “कानाला वारा लागतो म्हणून लावतो.” त्यांच्यामागून बाकीच्यांच्या कानांनाही वारा लागू लागला.

पहिल्याच व्याख्यानाला मी पाहिलं, तर रावसाहेबांनी थोडा वेळ ऐकून हेडफोन काढून मांडीवर ठेवला होता. मी वाकत वाकत त्यांच्यापाशी गेलो, त्यांचं विलायती यंत्र त्यांच्या कानाला लावलं आणि अगदी जवळून विचारलं, “हेडफोन बंद पडला का?”

“नाही हो. छान चाललाय. वक्ता ऐकला, आता डुलकी काढतो.”

“मग आतापर्यंत नाही काढलीत कधी?”

“कशी काढणार? ऐकू येत नाही हे कळू नये म्हणून इतकी वर्षं टक्क जागा बसत होतो.”

त्यांनी तेही यंत्र काढून मांडीवर ठेवलं आणि शेजारच्या वकिलांसारखेच, हनुवटी छातीवर टेकवून, झोपी गेले. तेव्हापासून मी एक नियम पाळला. ग्राहकाने यंत्र काढून ठेवलं, तर लगेच सोल्डरिंग आयर्न तापवायला घेऊ नये. आधी त्याला झोप लागली आहे का ते पाहावं.