नऊ ठिपके आणि पाटकर काकूंचा फोन

फोनच्या स्क्रीनवर आलं, ‘आणखी चार चुका झाल्या की फोनमधलं सगळं पुसलं जाईल.’ काउंटरपलीकडे पाटकर काकू पुन्हा एकदा चष्मा पुसत होत्या.

चूक माझी होती, आधीच सांगते. डोंबिवली पूर्वेच्या एका मोबाइलच्या दुकानात मी एक्स्चेंज काउंटरला बसते. तुम्ही जुना फोन द्यायचा, मी तपासायचा, जी किंमत ठरेल ती नव्यातून वजा. तपासणीत फोन रिस्टार्ट करतात, म्हणजे बंद करून परत चालू. त्याआधी विचारायचं असतं, ‘पॅटर्न आठवतोय ना?’ कारण रिस्टार्ट झाल्यावर फोन बोटाचा ठसा घेत नाही. स्क्रीनवरच्या नऊ ठिपक्यांतून ठरलेल्या क्रमाने बोट फिरवलं तरच उघडतो. आठ वर्षं मी हे विचारत आलेय. त्या दिवशी जेवायला उशीर झालेला, डोकं ठिकाणावर नव्हतं. नाही विचारलं.

“काकू, बॅकअप घेतलाय ना?”

“ते काय असतं?”

म्हणजे संपलंच.

“अगं, त्यात माझ्या नातीचं रेकॉर्डिंग आहे. पहिल्यांदा ‘आज्जी’ म्हणाली ते. आता ती मला नावाने हाक मारते. ते एकच आहे गं.”

पंधरा चुका झाल्या की फोन स्वतःला कोरा करतो, हे सेटिंग त्यांच्या मुलाने करून ठेवलेलं. चोराला काही मिळू नये म्हणून. मुलाला फोन लावला, तो म्हणाला, “पॅटर्न आईनेच ठेवलाय, मला कुठे माहितीय?” आणि मीटिंगमध्ये गेला.

काकूंनी आणखी दोनदा बोट फिरवलं. दोन्ही चूक. उरले दोन.

“काकू, थांबा. हात लावू नका. घरी कसा उघडता?”

“बघून.”

“कशात बघून?”

“रांगोळीत. रोज सकाळी दारात नऊ ठिपक्यांची काढते. तोच पॅटर्न ठेवलाय. रांगोळी झाली की तिथेच बसून एकदा फोन उघडते. मग दिवसभर अंगठा चालतो.”

“मग घरी जाऊन बघून या ना.”

“आज जिना धुवायचा वार. नऊ वाजताच वाहून गेली.”

मी कागद-पेन पुढे केलं. पेनने त्यांना जमेना. म्हणाल्या, “मला तोंडी येत नाही, लिहून येत नाही. चिमटीत रांगोळी हवी आणि खाली बसायला हवं.”

बाजूच्या पूजासाहित्याच्या दुकानातून मी रांगोळीचं पाकीट आणलं. काकूंना काउंटरमागची फरशी चालेना. दारातच हवी. त्यांनी पदर खोचला, आमच्या काचेच्या दारासमोरची फरशी ओल्या फडक्याने पुसून घेतली आणि बसल्या.

शेलार सर, आमचे मॅनेजर, केबिनमधून धावत आले. “हे काय चाललंय?”

“सर, डेटा रिकव्हरी.”

“दार अडवून? शनिवार आहे आज.”

“जरा बाजूला व्हा,” काकू मान वर न करता म्हणाल्या. “सावली पडतेय.”

सर बाजूला झाले. रिजनल मॅनेजरसमोरसुद्धा ते इतक्या पटकन हलत नाहीत. बाहेर माणसं थबकायला लागली. एका आजोबांनी चपला काढून नमस्कार केला आणि विचारलं, आरती कितीला?

काकूंचा हात झरझर चालला. मी समोर उकिडवी बसून नंबर लिहून घेत होते, कुठल्या ठिपक्यावरून कुठे. शेवटची रेघ जुळली आणि मी लगेच फोन उचलला. आठ वर्षांचा अनुभव ना. कागदावरून पॅटर्न मारला.

चूक.

‘आणखी एक चूक झाली की…’ पुढचं मी वाचलंच नाही. सरांनी डोळे मिटले.

काकू शांतपणे म्हणाल्या, “तू कुठे बसलीयस?”

मी त्यांच्या समोर बसलेले. म्हणजे रांगोळी मला उलटी दिसत होती. माझा वरचा ठिपका त्यांचा खालचा. शाळेतल्या पोरालाही कळलं असतं.

“दे इकडे,” म्हणाल्या. फोन मांडीवर घेतला, एकदा रांगोळीकडे बघितलं आणि बोट फिरवलं.

उघडला.

त्यांनी सगळ्यात आधी रेकॉर्डिंग लावलं. चार सेकंदांचं. पोरगी ‘आज्जी’ म्हणते आणि शिंकते. काकूंनी तीनदा ऐकवलं. मला रडू आलं, ते मी शिंकेवर हसून लपवलं. मग बॅकअप घेतला, सगळं नव्या फोनात टाकलं, तिथे वाजवून बघितलं आणि मगच जुना फोन ताब्यात घेतला.

“नव्या फोनला पॅटर्न कुठला ठेवायचा, काकू?”

“तोच.”

“अहो, तो रोज तुमच्या दारात सगळ्या बिल्डिंगला दिसतो. आज अख्ख्या डोंबिवलीने बघितला.”

“बघू दे. इतकी वर्षं काढतेय, कोणी मान खाली घालून बघितली नाही.”

त्या गेल्या. रांगोळी दुकान बंद होईपर्यंत तशीच होती, कारण ती पुसायची सरांची हिंमत झाली नाही. कस्टमर कडेकडेने आत येत होते.

तेव्हापासून मी विचारल्याशिवाय कोणाचा फोन रिस्टार्ट करत नाही. आणि कस्टमरच्या समोर बसत नाही, शेजारी बसते. उरलेली रांगोळी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, सिम काढायच्या पिनेशेजारी. महिनाअखेरच्या स्टॉकचेकला सरांना ती सापडली. त्यांनी पाकीट उलटसुलट केलं, माझ्याकडे बघितलं आणि यादीत लिहिलं, ‘अ‍ॅक्सेसरीज, एक नग.’