शशी जोगळेकर काय काम करीत होता

श्रावण वद्य पंचमीस मी सिंगापुरातील आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी श्रद्धांजलीचा मजकूर पाठवला. गणेश चतुर्थीस स्मरणिका छापून हाती आली. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मंडळाची शरद सहल म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्ट या बिअरच्या उत्सवाला रवाना झाली. आज सर्वपित्री अमावास्या आहे. या अवधीत माझ्या मजकुरातील एक वाक्य मला न विचारता बदलण्यात आले. त्यास जबाबदार व्यक्ती तीन आहेत. पहिले, मंडळाचे अध्यक्ष मिलिंदराव. दुसऱ्या, स्मरणिकेच्या संपादक अनघाताई. तिसरे नाव योग्य जागी देईन. त्याचा अपराध सर्वांत जुना आहे आणि पुरावा त्याच्याच हस्ताक्षरात आहे.

माझे वाक्य असे होते : ‘शशिकांत जोगळेकर ब्रूमास्टर होते, सिंगापुरात त्यांनी सत्तावीस वर्षे बिअर तयार केली.’ छापून आले ते असे : ‘शशिकांत जोगळेकर खाद्यप्रक्रिया क्षेत्रात कार्यरत होते.’

हे प्रकरण सुरू झाले ते सांगलीच्या एस.टी. स्टँडवर, म्हणून तिथे राहिलेल्यांनीही हे वाचावे. आम्ही दोघे एकाच संध्याकाळी निघालो. मी जहाजांच्या विम्याचे दावे पाहणाऱ्या एका कंपनीत कायदा-सहायक म्हणून, शशी एका बिअरच्या कारखान्यात. त्याआधी तो साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होता, पण घरी फक्त ‘साखर कारखाना’ एवढेच ठाऊक होते. त्याचे वडील, आण्णा, भिक्षुकी करीत. नव्या नोकरीबद्दल शशीने त्यांना सांगितले होते की धान्यावरचे काम आहे. ते असत्य नव्हते. सत्यही नव्हते.

गाडी सुटण्यापूर्वी आण्णांनी आम्हाला दोन-दोन पुरचुंड्या दिल्या. “तीळ कुठंही मिळतील,” ते म्हणाले, “जव तिकडं मिळायचे नाहीत. पितृपक्षात अडून बसू नका. देवांना अक्षता, ऋषींना जव, पितरांना तीळ. एवढं केलंत तरी पुष्कळ झालं.”

शशीने मान खाली घातली. सांगली मागे पडल्यावर माझ्या लक्षात आले की तो हसतो आहे. “जव मिळायचे नाहीत म्हणे,” तो म्हणाला. “अरे गोविंदा, बिअर कशाची करतात असं वाटतं यांना?” आणि मग तो कराड येईपर्यंत रडत होता.

सुरुवातीला आम्ही सिंगापुरात बुकित बातोकच्या एका फ्लॅटमध्ये एकत्र राहिलो. घरी पाठवायच्या पत्रात काय लिहायचे यापेक्षा काय वगळायचे याचाच विचार अधिक होई. पुढे त्याचे लग्न झाले, सुमतीवहिनी आल्या, ते हौगांग भागात राहायला गेले. मूलबाळ झाले नाही. आज व्हिडिओ कॉलवर सांगलीचे स्वयंपाकघर दिसते, कढईत काय आहे तेही दिसते, आणि लपवायला काही उरत नाही असे आपण समजतो. त्या काळी एका निळ्या आंतरदेशीय पत्रात, नव्हे एअर लेटरमध्ये, अख्खा माणूस लपत असे.

पितृपक्षात मात्र शशीची आठवण सगळ्यांना येई. बिअरसाठी जवाला कोंब आणून ते भट्टीत वाळवतात. त्याला माल्ट म्हणतात. कोंब आलेला दाणा तर्पणाला चालणार नाही असे शशीचे ठाम मत होते. म्हणून तो दरवर्षी पुरवठादाराकडून कोरे जव मुद्दाम मागवून घेई आणि लहान पिशव्यांत भरून मंडळातील घरोघर पोचवी. मंडळाच्या आजच्या ज्येष्ठांपैकी कितीजणांनी त्या पिशव्या नेल्या हे मला माहीत आहे. त्याने आणलेले बिअरचे खोके कोणी नेले, हेही माहीत आहे. आपल्या पितरांना आणि आपल्या पाहुण्यांना एकाच माणसाने पुरवठा केला.

कंपनीच्या कामासाठी त्याला सप्टेंबरात म्युनिकला जावे लागे. तो उत्सव नावाने ऑक्टोबरचा, पण सुरू होतो सप्टेंबरात, आणि बहुधा पितृपक्षाला गाठतो. माझ्या निवृत्तीच्या वर्षी तो मला सोबत घेऊन गेला. सिंगापुरात ऋतू नसतात. एकच दुपार बारा महिने चालते. जर्मनीत आगगाडीतून मी पिवळी पडू लागलेली झाडे पाहिली, बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या वेलींची उतरवलेली शेते पाहिली. सकाळच्या गारव्याने किती वर्षांनी आश्विन आठवला.

म्युनिकमधल्या इसार नदीच्या काठी, दगडांवर उकिडवा बसून, शशीने तर्पण केले. अंगात जाड कोट, त्यावर जानवे. बोटे थंडीने लाल झाली होती. कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी त्याला काहीतरी विचारले. त्याने जर्मनमध्ये दोनच शब्द उच्चारले. त्या थांबल्या, हातमोजे काढले आणि संपेपर्यंत उभ्या राहिल्या. काय सांगितलेस, असे मी नंतर विचारले. “माझे वडील, एवढंच,” तो म्हणाला.

त्याच दुपारी उत्सवाच्या तंबूत, लांब बाकावर, लिटरभराचे मग समोर असताना मी कबुली दिली. आम्ही सिंगापुरात आल्यावर चौथ्या वर्षी आण्णांनी मला परस्पर पत्र लिहिले होते : ‘चि. गोविंदास आशीर्वाद. तू कायद्यातला माणूस, खोटे लिहिणार नाहीस. शशी तिथे नेमके काय काम करतो?’ मी तीन मसुदे केले. पाठवला तो असा : ‘शशी खाद्यप्रक्रिया क्षेत्रात जबाबदारीच्या पदावर आहे.’ त्या हिवाळ्यात आण्णा गेले.

आसपास हजारो माणसे बाकांवर उभी राहून गात होती. शशीने मग खाली ठेवला.

“त्यांना कळलं होतं रे,” तो म्हणाला. “कळल्याशिवाय कोणी विचारतं का? तुझ्याकडून ऐकायचं होतं, म्हणजे त्यांना मला एक रागाचं पत्र तरी लिहिता आलं असतं. मी त्या पत्राची वाट बघत होतो.” मग म्हणाला, “माझ्या वेळी तरी खरं लिही.”

त्याची वेळ या ज्येष्ठात आली. मी खरे लिहिले.

स्मरणिका हाती आल्यावर सुमतीवहिनींनी मला घरी बोलावले. पानावरचा शशीचा फोटो त्यांनीच दिलेला होता, तरी त्यांनी पान माझ्यापुढे सरकवून शांतपणे विचारले, “भावजी, हे कोणाबद्दल छापलंय?” मी ते पान उलटले तर मागे म्युनिकच्या सहलीची रंगीत जाहिरात, फेसाळलेले मग, आणि खाली बारीक अक्षरांत : ‘सहलीत पितृपक्ष येत असल्याने शुद्ध शाकाहारी भोजनाची व्यवस्था.’

मी मिलिंदरावांना फोन केला. मुले स्मरणिका वाचतात, व्यासपीठावर बाहेरचे पाहुणे असतात, अनघाताईंना तो शब्द श्रद्धांजलीत शोभेना, असे ते सांगत राहिले. तीच मुले पुढचे पान वाचत नाहीत काय, असे मी विचारले. माझी नात शेजारीच बसली होती. ती मध्येच आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “आजोबा, ब्रूमास्टर इज सो कूल, लाह. व्हाय हाइड?” तिचा प्रश्न मी मिलिंदरावांना जसाच्या तसा ऐकवला. तेव्हा ते म्हणाले :

“काका, रागावू नका. तो शब्द आम्ही मनानं घातलेला नाही. मंडळाच्या पहिल्या सदस्य नोंदवहीत, व्यवसायाच्या रकान्यात, तोच आहे. तुमच्याच अक्षरात.”

पहिला सचिव मीच होतो. नोंदवही मीच लिहिली होती. आण्णांसाठी घडवलेला शब्द मी तिथेही वापरला, सवयीने, आणि शशी तो वाचून काही बोलला नाही. तिसरे नाव माझे. अपराध मान्य आहे. परंतु जुन्या असत्याची नक्कल काढणारा केवळ मूळ दुसऱ्याचे आहे म्हणून सुटत नाही. मिलिंदराव, अनघाताई, तुमच्यासमोर माझा दुरुस्त मजकूर सहीसकट होता.

आज सकाळी फ्लॅटच्या स्वयंपाकघरात, स्टीलच्या परातीत, मी तर्पण केले. यादीत आप्तांनंतर सखा येतो. जव शशीच्या शेवटच्या पिशवीतले होते. मी नाव उच्चारले, गोत्र उच्चारले, पाणी सोडले. त्या मंत्रात माणसाचे काम सांगण्याची सोय नाही. म्हणून हे पत्र.

घर म्हणजे काय, असे मला सांगलीहून पुतण्या विचारतो. काका, तुम्ही परत कधी येणार, असे त्याला म्हणायचे असते. माझे उत्तर आता ठरले आहे. सांगलीत शशीला काय करतो ते सांगता आले नाही, म्हणून ते त्याचे घर राहिले नाही. नदीकाठच्या एका परक्या बाईला त्याने दोन शब्दांत खरे सांगितले; तेवढा वेळ ती जागा त्याची होती. हौगांग आणि बुकित बातोक आमची होतात की नाही, हे अजून ठरायचे आहे.

सहल परत आली आहे. कोजागिरीला मंडळ जमेल, दूध आटेल, म्युनिकचे फोटो पडद्यावर दाखवले जातील. ते सुरू होण्यापूर्वी, सुमतीवहिनी पहिल्या रांगेत बसलेल्या असताना, मी व्यासपीठावर येऊन माझी चूक वाचून दाखवीन आणि नोंदवहीतील शब्द सर्वांसमक्ष खोडून त्याखाली सही करीन. त्यानंतर अध्यक्षांनी माइक हाती घ्यावा. खुलासा नको, दिलगिरी नको, पुढील अंकातील शुद्धिपत्रही नको. एका प्रश्नाचे उत्तर, मराठीत, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात द्यावे : शशिकांत जोगळेकर काय काम करीत होते?