न संपणारा बाक

"जवळ येत राहणं म्हणजे पोहोचणं नव्हे," असं लेओकादिया विल्चेक एकदा म्हणाली, आणि तेही स्वतःच्याच प्रमेयाविरुद्ध.

ल्वूव शहरातल्या मुलींच्या शाळेत ती गणित शिकवायची. शनिवारी सभेआधी गणितमंडळाचे लोक सभागृहासमोरच्या कॅफेत जमत आणि टेबलाच्या संगमरवरावरच पेन्सिलीने लिहीत. ते पुसायची गुस्ताव वेटरला सक्त मनाई होती. एका हिवाळ्यातल्या शनिवारी सभेत बोलायची पाळी तिची होती. प्रमेय उभं राहिलं तर विद्यापीठात सहायकाची जागा, असा प्राध्यापकांचा शब्द होता. दोन वर्षं ती एकाच वाक्यासोबत जेवली, झोपली: अवकाशात कुठे छिद्र नसेल, आणि चित्रणामुळे, म्हणजे प्रत्येक बिंदूला नवी जागा देणाऱ्या नियमामुळे, कोणत्याही दोन बिंदूंतलं अंतर कमीच होत असेल, तर एक तरी बिंदू जागचा हलत नाही.

"बाई, तुमचे बिंदू म्हणजे परीक्षेच्या दारातल्या पोरी," मंडळातला डॉक्टर राकोवित्स त्या दिवशी कॅफेत म्हणाला. "एकमेकींना चिकटतात नुसत्या."

"चिकटू देत. त्यातली एक तरी जागेवर थांबणारच."

तेवढ्यात बर्फ झटकत एक जाडजूड वकील आत आला. "सरका जरा, मंडळी," गुस्ताव म्हणाला. लांब बाकावरचे सगळे आत सरकले. दाराजवळचे जास्त, पुढचे कमी कमी. माणसांमधली अंतरं घटली. हलला नाही तो एकच, पार टोकाला भिंतीला टेकलेला म्हातारा.

लेओकादियाचा चमचा कॉफीत तसाच राहिला. "भिंतच नसती तर?" ती पुटपुटली. बाक संपतच नसता तर?

तिने घाईने एकपासून निघणारी, न संपणारी रेघ ओढली. प्रत्येक संख्येत तिचाच व्यस्त, म्हणजे एक भागिले तीच संख्या, मिळवायचा. एक गेला दोनवर, दोन गेला अडीचवर. दोघांतलं अंतर निम्मं. शंभर जरासाच सरकला, पण सरकला. सगळे एकमेकांच्या जवळ येत होते आणि थांबत कुणीच नव्हतं. तिचे कान तापले.

"गेलं माझं प्रमेय," बारशाचं आमंत्रण द्यावं तशी ती म्हणाली. आणि मग, "जवळ येत राहणं म्हणजे पोहोचणं नव्हे."

राकोवित्सने रेघ पाहिली, आवाज खाली आणला. "सभेत कुणाच्या लक्षात येणार नाही. आज आहे तसं वाचा, जागा पदरात पाडून घ्या. छापताना भिंतीची अट घाला."

"भिंत घातली की सिद्धता दोन ओळींत संपते, डॉक्टर."

"तेच तर म्हणतोय. दोन ओळींवर जागा कोण देणार तुम्हाला?"

ती हसली. गुस्तावच्या खांद्यावरचं ओलं फडकं तिने ओढलं आणि टेबलावर लिहिलेली दोन वर्षांची सिद्धता पुसायला घेतली.

"अहो बाई, पुसायचं नसतं!" गुस्ताव कळवळला.

संगमरवरावर फक्त ती रेघ उरली. लेओकादियाने पेन्सिल केसांत खोचली, कोट अंगात चढवला आणि "सभेत हीच रेघ दाखवते," म्हणत बाहेर पडून समोरच्या सभागृहाकडे रस्ता ओलांडू लागली.