सासूबाईंची शेगडी आणि सिस्टर

२००९ च्या डिसेंबरातली गोष्ट. बाळंतपणाला माहेरी गोंदियाला जायचं ठरलं होतं, पण लेक महिनाभर आधीच आली… मी देवरीजवळच्या सासरी असतानाच. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा जेमतेम दोन किलोची.

सासूबाईंनी लगेच खोलीचं दार-खिडकी बंद केली. बाजेखाली शेगडी, त्यात ओव्याची धुरी… लेक सारखी शिंकायची, श्वास घेताना घरघर वाजायची. माझा जीव नुसता वरखाली! पण नवी सून, बोलणार कशी?

गावातली आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याची आशा सेविका, धुरावरून एकदा ओरडून गेली. परिणाम काय? सासूबाईंनी शेगडीत आणखी निखारे टाकले. "आमी नाही वाढवले का लेकरं?" हे मात्र मला ऐकावं लागलं.

मग आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर आल्या. मनात म्हटलं, आता झालं भांडण… पण बाई शांतपणे सासूबाईंजवळ खाली बसल्या.

"आजी, बरोबर हाये तुमचं. एवढ्याशा लेकराले ऊब पाहिजेच. रातभर शेगडी कोन पायते?"

"मीच पायतो ना बाई. इझली का फुकतो. डोळ्याले डोळा नाही लागत."

हे मला माहीतच नव्हतं हो! मी पलीकडे तोंड करून रडत असायची, आणि या जाग्या असायच्या.

"मंग न इझणारी शेगडी देऊ का?" म्हणत सिस्टरांनी लेकीचे कपडे काढले. टोपी, लंगोट तेवढा ठेवला आणि तिला सासूबाईंच्या उघड्या छातीवर उभी धरून वरून शाल गुंडाळली. नाक-तोंड मोकळं राहील असं नीट दाखवलं.

थोड्या वेळानं लेकीची कुरकुर थांबली. सासूबाई तर हलायलाच तयार नाहीत… एकदम हळू आवाजात मला म्हणाल्या, "अवं, हे शेगडी ने बाहेर. धुरानं उठन ना ते!"

दूध पाजायला मागितली तर म्हणे, "थांब, आताच त झोपली." घ्या!

नंतर कळलं, असं छातीशी धरणं मलाही जमलं असतं. सिस्टरांनी आधी आजीला दिलं, मुद्दाम. रागावून गेल्या असत्या तर त्यांच्यामागे चार भिंतींत मीच बोलणी खाल्ली असती, आणि धूर लेकीनं.

सिस्टर, तुम्ही माझ्या लेकीचा श्वास मोकळा केलात, आणि माझ्या सासूला कुणापुढे खाली पाहू दिलं नाहीत. खरं सांगते, त्या दिवसापासून मी त्यांना आई म्हणायला लागले.